कोंडिबा यांच्या मते

याकूब : “…आज शुक्रवार, दिनांक सोळा जून एकोणीसशे बाहत्तर रोजी, दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी, भोर येथील मामलेदार कचेरीत हजर राहून मी, कोंडिबा सावळाराम, वय वर्षे चौसष्ट, धंदा शेती, राहणार पासली, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, ‘अंजना कोंडिबा’ व ‘अंजना साळवे’ ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची, म्हणजे माझ्या मुलीची आहेत, आणि यापुढे ती ‘अंजना कोंडिबा साळवे’ या नावाने…”

कोंडिबा : थांबा मास्तर. हितंच थांबा.

याकूब : वाक्य अजून पुरे झालेले नाही.

कोंडिबा : म्हनून तर म्हनतो. पुरं झालं की मोडाया जड जातंय. ह्या कागदावर म्या अंगठा देनार न्हाई.

अंजना : आबा! अहो, मग आलात कशाला इतक्या लांब?

कोंडिबा : तुला बघाया आलो. बघितली. वाळलीस.

याकूब : कोंडिबा, मामलेदारसाहेब तीन वाजता हिर्डोशीकडे पाहणीस निघणार आहेत. शिरस्तेदारांनी मला तसे दोन वेळा बजावले आहे. तुमचा आक्षेप असेल तर तो मुद्देसूद सांगा.

कोंडिबा : तुमी पुन्याच्या कालिजात लोखंड कापाया शिकला, हितं भोरात पोरांना शिकवता, आन बोलता मातुर वकिलावानी.

याकूब : लोखंड कापण्याआधी मोजावे लागते. बोलण्याचेही तसेच आहे. सांगा.

कोंडिबा : मुद्दा एकच. पोरीच्या गळ्यात हार पडला, की तिच्या नावातनं बाप जातो आन नवरा येतो. समद्या दुनियेची रीत हाय. लगीन हून तीन वर्सं झाली. आता पुन्यांदा बाप घुसवायचा मंजी काय? विहीणबाई काय म्हनतील? सून आमची आन पाटी त्याची?

अंजना : सासूबाईंना मी विचारलंय.

कोंडिबा : आन?

अंजना : म्हणाल्या, “लाव की. आमच्या नावाला तरी कोन इचारतंय तिकडं!”

कोंडिबा : हां, हे तोंडावरचं झालं. मागं काय म्हनल्या असतील ते मला इचार. आन जावईबापू? मधलं ‘रतन’ काढलंस की तू.

अंजना : ते म्हणाले, “नावात नसलो तरी घरात आहेच की मी.”

कोंडिबा : गरीब हायेत बिचारे.

याकूब : विषयाकडे येऊ. अंजना, तुझ्या वडिलांना या कागदाची गरज पहिल्यापासून सांग. मी सांगितली तर ती वकिलासारखी वाटेल.

अंजना : आबा, आमच्या पुण्याच्या संस्थेत गणकयंत्राचा विभाग आहे. तुम्ही पाहिलंय ते यंत्र.

कोंडिबा : बघितलं की. कपाटाएवढं. आन गार खोलीत ठिवलेलं. मानसं घामाघूम, मशीन गारव्याला.

अंजना : त्या विभागाला प्रमुख नेमायचाय. सोमवारी समिती बसणार. मला पद मिळालं तर यंत्रावर माझं काम चालू राहील. नाही मिळालं तर यंत्राचे सगळे तास दुसऱ्या विषयाला जाणार, आणि माझा विषय बंद. सात वर्षं केलंय ते तिथंच थांबणार. मग मी फक्त दुसऱ्यांची गणितं त्यावर चढवायची.

कोंडिबा : मंजी दुसऱ्याच्या रानात भांगलायचं.

अंजना : हो, तसंच.

कोंडिबा : मंग कमिटीला तुझं काम दिसत न्हाई व्हय?

अंजना : काम त्यांना वाचता येत नाही, आबा. ते मोजतात. मी जे शोधनिबंध लिहिते, ते परदेशातल्या नियतकालिकांत छापून येतात. ते वाचून दुसरं कुणी काही लिहितं, तेव्हा शेवटी सांगतं की अमुक गोष्ट मी अमक्याकडून घेतली. त्याला उल्लेख म्हणतात. दुसऱ्यांनी केलेले निदान दहा उल्लेख असले तरच प्रमुख करायचं, असा आमच्या संचालकांचा नवा नियम आहे.

कोंडिबा : कुनी तुझं नाव काढलं, ते मोजायचं.

अंजना : नाव काढलं… हो. बरोबर तेच.

कोंडिबा : आन तुझं किती जनांनी काढलं?

अंजना : कार्यालयातल्या लिपिकानं पाहिलं, तीन.

कोंडिबा : तीनच? एवढ्या साऱ्या दुनियेत?

याकूब : येथेच घोटाळा आहे, कोंडिबा. अमेरिकेहून दरवर्षी जाडजूड खंड येतात. कोणी कोणाचा उल्लेख केला, हे त्यांत आडनावांच्या क्रमाने लावलेले असते. लिपिकाने ‘साळवे’ पाहिले. तेथे तीन निघाले. परंतु लग्नाआधीचे निबंध अंजनाने ‘अंजना कोंडिबा’ या नावाने छापले होते. तिच्या पदवीच्या प्रमाणपत्रांवर तेच नाव आहे. तिकडच्या लोकांच्या समजुतीनुसार शेवटचा शब्द म्हणजे आडनाव. म्हणून मी मंगळवारी पुण्यास जाऊन खंड मागवले आणि ‘कोंडिबा’ हा शब्द काढला.

कोंडिबा : मी? मी त्या बुकात?

याकूब : तुम्ही. सलग पाच खंडांत.

कोंडिबा : मला लिवाया येत न्हाई, वाचाया येत न्हाई, आन मी बुकात?

याकूब : अकरा उल्लेख आहेत. त्यांत इंग्लंड, जपान, कॅनडा आणि पोलंड या देशांतील लेखक आहेत.

कोंडिबा : अरं तिच्या! वेल्ह्यात मला तलाठी वळखत न्हाई, आन जपानात वळखतात?

अंजना : जपानच्या माणसानं तर तुम्हाला प्राध्यापक लिहिलंय. ‘प्राध्यापक कोंडिबा, भारत.’

कोंडिबा : मास्तर, तुमच्या घरी गुलजारबी वैनींना सांगा. परवा मला म्हनल्या, “कोंडिबा, चपला बाहेर काढा, चिखल करता.” प्रोपेसराला असं बोलतात व्हय?

याकूब : चिखल केल्यास ती राज्यपालांनाही बोलेल.

कोंडिबा : आन काय म्हनतात माझ्याबद्दल? वाचा की. तुमच्या कागदावर लिवलेलं दिसतंय.

याकूब : मी भाषांतर करून आणले आहे. इंग्लंडचे एक गृहस्थ लिहितात, “कोंडिबा यांच्या मते प्रत्येक नोंदीच्या शेवटी एक अंक जास्त ठेवावा.” जपानचे लेखक लिहितात, “कोंडिबा यांची पद्धत सोपी आणि स्वस्त आहे.”

कोंडिबा : सोपी आन स्वस्त. अंजनाची आय बी मला हेच म्हनायची.

याकूब : आणि कॅनडाचे लेखक लिहितात, “कोंडिबा यांचे म्हणणे ग्राह्य धरता येत नाही.”

कोंडिबा : आँ? कोन हाय त्यो? का धरता येत न्हाई? माझं काय चुकलं?

अंजना : तुमचं नाही, आबा. माझं.

कोंडिबा : नाव माझं घिऊन बोलला न्हवं? मंग मला कळाया पायजे. काय म्हनलो व्हतो मी?

अंजना : सांगते. खळ्यावर भाताची रास असते. सांजेला तुम्ही तिच्यावर राखेच्या रेघा ओढता.

कोंडिबा : वढतो. कुनी हात घातला की रेघ मोडती.

अंजना : यंत्रात तशीच आकड्यांची रास असते. कुणाचा पगार, कुणाची जमीन, कुणाचे गुण. जाड कागदाच्या पत्त्यांवर भोकं पाडून ते आकडे ठेवतात. कुणी चोरून एखादा पत्ता बदलला, तर बाहेरून काही कळत नाही. म्हणून मी सुचवलं, की सगळ्या आकड्यांचा हिशेब करून शेवटी एक आकडा ठेवायचा. मी त्याला साक्षी-अंक म्हणते. आतला एक जरी आकडा बदलला, तरी साक्षी-अंक जुळत नाही.

कोंडिबा : रेघ मोडली.

अंजना : हो. रेघ मोडली की चोरी कळली.

कोंडिबा : अगं, पर चोर काय रिकाम्या हातानं येतो व्हय? येतानाच मूठभर राख घिऊन यील. दाने काढंल, राशीवरनं हात फिरवंल, आन तुझ्यापरीस झ्याक रेघ वढून जाईल.

याकूब : हे म्हणणे मी नुकतेच वाचले आहे.

कोंडिबा : कुठं हो मास्तर? तुला बी ठावं हाय व्हय गं?

अंजना : कॅनडाच्या माणसानं हेच लिहिलंय. आकडा बदलणारा नवा साक्षी-अंकही काढू शकतो. हिशेबाची रीत तर छापलेलीच आहे. त्याला हे सांगायला बारा पानं लागली.

कोंडिबा : मंग त्याचं बराबर हाय. कोंडिबाचं चुकलं.

याकूब : कोंडिबा, तुम्ही प्रतिपक्षास जाऊन मिळालात.

कोंडिबा : खऱ्याला कसला पक्ष? आमी नुसत्या राखेच्या भरवशावर कवा ऱ्हातो? राशीपाशी मानूस झोपतो.

अंजना : यंत्रापाशी माणूस झोपवता येत नाही ना. तिथं गारठून मरेल. म्हणून पुढचा निबंध लिहिला, साळवे नावानं. साक्षी-अंक काढताना त्यात एक गुप्त आकडा मिसळायचा. तो फक्त मालकाला ठाऊक. हिशेबाची रीत साऱ्या जगाला कळली तरी त्या आकड्याशिवाय साक्षी-अंक जुळवता येत नाही.

कोंडिबा : मंजी राखेत काय कालवलंय, ते चोराला ठावं न्हाई.

अंजना : हं.

कोंडिबा : मंग त्यो रेघ वढंल, पर रंग वायला दिसंल. हे जमलं. हे साळव्यांच्या नावावर गेलं व्हय? जमलेलं त्यांचं, आन चुकलेलं कोंडिबाचं!

याकूब : अगदी याच कारणासाठी दोन्ही नावे एक करावयाची आहेत. आज कागदोपत्री दोन माणसे आहेत. एकाने विचार मांडला आणि तो खोडला गेला. दुसऱ्याने उत्तर दिले, परंतु तो तोच माणूस आहे हे कोणास ठाऊक नाही. समितीपुढे निम्मे काम येणार. उरलेले निम्मे पासलीच्या एका शेतकऱ्याच्या खाती जमा राहणार.

कोंडिबा : ते कळलं. पर मंग असं करा. आधीची दोन नावं एकीचीच हायेत, एवढं लिवा. त्याला मी अंगठा देतो. ‘यापुढे’चं कलम खोडा. फुडं तिनं साळवेच ऱ्हावं. बापाचं नाव माहेरी सोडून जायचं असतं.

अंजना : पुढच्या निबंधावर नुसतं साळवे घातलं, तर खंडात पुन्हा दोन जागी दोन माणसं, आबा. दर वेळी मी कचेरीत येऊन कागद करू? त्यापेक्षा एकदाच जोडू द्या. तसं ते नाव तरी कुठं धड आहे! शाळेनं आधीच घोळ करून ठेवलाय.

कोंडिबा : कसला घोळ?

अंजना : हे माझं मॅट्रिकचं प्रमाणपत्र. वाचा की मास्तर.

याकूब : “अंजना कोंडिबा कोंडिबा.”

अंजना : दोनदा! वेल्ह्याच्या शाळेत कुणीतरी चुकून दोनदा लिहिलं, ते तसंच मॅट्रिकपर्यंत आलं. भोरच्या हायस्कुलात मला पोरी ‘डबल कोंडिबा’ म्हणायच्या. हजेरी घेताना गुरुजी थांबायचे आणि वर्ग हसायचा. कॉलेजात गेल्यावर मी एक कोंडिबा गाळला आणि उरलेला आडनाव म्हणून लावला.

कोंडिबा : चुकून न्हाई.

अंजना : काय?

कोंडिबा : चुकून न्हाई लिवलं. म्या लिवाया लावलं.

याकूब : हे मलाही नवीन आहे.

कोंडिबा : सत्तेचाळीस साल आसंल. हिला शाळंत घालाया नेली. गुरुजी म्हनलं, नाव? म्हनलं, अंजना. बापाचं? म्हनलं, कोंडिबा. आडनाव? आता आमाला आडनाव कुनी इचारलं व्हतं कवा? म्हनलं, ठावं न्हाई. मंग गुरुजी म्हनलं, ऱ्हाऊ दे, मी लिवतो. आन टाक दौतीत बुडवला. त्यो तिथं काय लिवनार, ते मला ठावं व्हतं. आमच्या आळीतल्या समद्या पोरांच्या नावाफुडं तेच लिवलेलं. गावात हाक मारायला तेच, पानी वरनं वतताना तेच, आन आता शाळंत बी तेच.

अंजना : आबा…

कोंडिबा : म्या हात जोडले. म्हनलं, गुरुजी, तिथं ते नगा लिवू. तिथं माझं नाव लिवा. गुरुजी म्हनलं, येड्या, तुझं नाव तर मधी लिवलंय. म्हनलं, मधी बी ऱ्हाऊ द्या, शेवटी बी लिवा. एक बाप म्हनून, आन एक आडनाव म्हनून. गुरुजी हसला, पर मानूस चांगला व्हता. लिवलं त्यानं.

अंजना : मला कधी सांगितलं नाहीत.

कोंडिबा : तू कवा इचारलंस?

अंजना : पोरी हसायच्या, तेव्हा मी घरी येऊन रडायचे. तेव्हा तरी सांगायचंत.

कोंडिबा : काय सांगायचं? पोरी कोंडिबाला हसत व्हत्या. हसंनात का! कोंडिबाला हसलेलं चालतंय. दुसरं जे लिवनार व्हते, त्याला कुनी हसलं असतं तर मला चाललं नसतं.

याकूब : याचा अर्थ असा की, शाळेच्या दप्तरी ‘कोंडिबा’ हे वडिलांचे नाव आहेच, शिवाय ते हेतुपूर्वक दिलेले आडनावही आहे.

कोंडिबा : ते तुमी तुमच्या भाषेत म्हना.

याकूब : मी शब्द जपून वापरत आहे, कारण तुमचा आक्षेप वडिलांच्या नावाबद्दल होता. मुलीने लग्नानंतर वडिलांचे नाव लावू नये, असे तुम्ही म्हणालात. आडनावाबद्दल तुम्ही काहीच म्हणाला नव्हता.

कोंडिबा : मास्तर, तुमी लई बेरकी.

याकूब : मी फक्त मोजतो.

कोंडिबा : आन सासरचं आडनाव आलं की माहेरचं जातंच की.

अंजना : आबा, एका पोरीच्या नावात दोन कोंडिबा तुम्हाला चालले. मग एक कोंडिबा आणि एक साळवे का चालत नाही?

कोंडिबा : मोजाया तू बी मास्तरांकडनं शिकलीस व्हय?

अंजना : बोला की.

कोंडिबा : काय बोलू? गावात लोक म्हनत्यात, कोंडिबाच्या पोरीनं बापाचं नाव काढलं. मी आपलं व्हय व्हय म्हनतो. मला वाटायचं, म्हनायची रीत हाय. तू तर खरंच काढलंस की गं. तिथं, त्या बुकात. आन मी हितं बसून खोडा म्हनतोय.

अंजना : मग ‘यापुढे’चं कलम?

कोंडिबा : ऱ्हाऊ द्या. पर विहीणबाईंना तू असं सांग, की बापाचं नाव मी लावत न्हाई, माझं आडनाव लावते. बापाचा काय संबंध न्हाई.

अंजना : सांगते. बापाचा काडीचाही संबंध नाही.

कोंडिबा : हां. आन साळवे शेवटाला ऱ्हाऊ दे. मान त्यांचा.

याकूब : मग सोमवारच्या अर्जातील आकडा ठरवू. साळवे नावाखाली तीन, कोंडिबा नावाखाली अकरा, एकूण चौदा. नियमास दहा पुरतात. प्रतिज्ञापत्र अर्जास जोडले की…

अंजना : चौदा नाही, मास्तर. नऊ.

याकूब : मी प्रत्येक खंड दोनदा पडताळला आहे.

अंजना : तुमची मोजणी चूक नाही. पण कोंडिबाच्या अकरांपैकी पाच उल्लेख करणाऱ्यांची नावं पाहिलीत? ती सगळी ‘साळवे, पुणे’ आहेत.

याकूब : पाहिली. म्हणजे तू.

अंजना : मी. उत्तराचे निबंध लिहिताना मी कुठं कुठं म्हटलंय, “कोंडिबा यांच्या मते.” नियतकालिकाची पद्धतच तशी असते.

कोंडिबा : मंजी तूच तुझं नाव काढलंस?

अंजना : तेव्हा दोन माणसं दिसत होती म्हणून ते चालून गेलं. आज तुम्ही अंगठा दिलात की एकच माणूस उरणार. मग ते पाच उल्लेख माझेच मला.

याकूब : नियमाची प्रत माझ्याजवळ आहे. त्यात ‘दुसऱ्यांनी केलेले’ असा शब्द नाही. केवळ ‘प्रसिद्ध उल्लेख’ असे आहे. दुसऱ्यांचे असावेत, हे संचालकांनी तोंडी सांगितले असेल. छापील नियमानुसार चौदा लिहिले, तर ते असत्य ठरणार नाही.

कोंडिबा : मास्तर, पोराच्या लग्नात आपुनच आपल्याला पागोटं बांधलं, तर त्यो आहेर मोजत्यात का?

याकूब : नाही मोजत.

कोंडिबा : मंग?

याकूब : मग नऊ. मी केवळ नियमाचा शब्द सांगितला. सल्ला दिलेला नाही.

कोंडिबा : पर नवात एक कमी पडतोय न्हवं?

अंजना : पडतोय.

कोंडिबा : आन त्यो कॅनडाचा? त्यानं तर नाव काढून वर शिव्या दिल्या. त्याला नवात धरलाय का भाईर काढलाय?

अंजना : त्याला पहिला धरलाय. माझा निबंध शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेला तो एकटाच आहे.

कोंडिबा : भला मानूस.

याकूब : अंजना, एक गोष्ट तुला ठाऊक असावी. दुसरा उमेदवार सतरा उल्लेख दाखवणार आहे, असे मला ग्रंथालयात कळले. तू स्वतःहून पाच वजा केलेस, तर समितीतील कोणीही तुला ते परत देणार नाही.

अंजना : माहीत आहे. पण कुणी आकड्याला हात लावला तर कळावं, हाच माझा विषय आहे ना? मग माझ्याच आकड्यांत हात घालून मी कुठल्या तोंडानं यंत्रापुढं बसू?

कोंडिबा : एका उल्लेखापायी घोडं अडतंय, आन ही तत्त्व सांगती. तुझ्या आयवर गेलीस.

अंजना : ती म्हणायची, कोंडिबावर गेलीस.

कोंडिबा : प्रोपेसर कोंडिबावर.

याकूब : पुकारा झाला. उठा. कोंडिबा, आत गेल्यावर साहेबांनी विचारले तरच बोलावे. जपानचा विषय काढू नये.

कोंडिबा : आन अंगठा मागितला की? ज्याचं नाव पाच बुकांत हाय, त्यानं अंगठा द्यायचा मंजी कसंसंच दिसतंय.

अंजना : द्या, आबा. त्या अंगठ्याची रेघ कुठल्याच चोराला ओढता येणार नाही.

(शनिवार, २० जानेवारी १९७३. सायंकाळचे पावणेसहा. भोरचे एस.टी. स्थानक. पुण्याची गाडी अजून यायची आहे. याकूब आणि कोंडिबा बाकावर बसले आहेत.)

कोंडिबा : मास्तर, काल कमिटी बसली. मंग तिनं आजपातुर तार का न्हाई केली?

याकूब : समिती सायंकाळी उशिरापर्यंत चालली असावी. शिवाय ती स्वतः येणार आहे. तारेपेक्षा माणूस बरा.

कोंडिबा : चांगलं असतं तर तार आली असती.

याकूब : वाईट असतानाही तारच येते. या गृहीतकावर निष्कर्ष काढता येत नाही.

कोंडिबा : मला त्या जूनचं अजून उमगलं न्हाई. हिचे नऊ, त्या दुसऱ्याचे सतरा. मंग त्याला का न्हाई घेतलं तवाच?

याकूब : मी तुम्हाला दोन वेळा सांगितले आहे.

कोंडिबा : तिसऱ्यांदा सांगा. मला आवडतंय ते.

याकूब : अंजनाने अर्जात लिहिले होते : एकूण चौदा, त्यांतील पाच स्वतःचे, वजा जाता नऊ. समितीतील एका वृद्ध सभासदाने विचारले की, हिने वजाबाकी केली आहे, तर दुसऱ्या उमेदवाराने का केलेली नाही? त्याच्याकडून ती करून घेतली. सतरापैकी अकरा त्याचेच निघाले.

कोंडिबा : अकरा पागोटी! एकाच डोक्यावर!

याकूब : उरले सहा. दहा कोणाचेच नव्हते. म्हणून जागा सहा महिने रिकामी ठेवली, आणि अंजनास यंत्रावर रविवारची सकाळ तेवढी दिली. पुढे नवा खंड आला, की पुन्हा मोजावयाचे ठरले.

कोंडिबा : आन त्यो खंड आला.

याकूब : गेल्या आठवड्यात. मी पाहिलेला नाही. तिने मला येऊ दिले नाही. म्हणाली, “मास्तर, या वेळी दुसऱ्या कुणीतरी मोजू दे.”

कोंडिबा : गाडी आली. ती बघा, मागच्या दारानं उतरतीय. हातात काय हाय ते? पिशवी हाय. मोठी हाय. पेढे असतील का?

याकूब : भाजीही असू शकते.

अंजना : आबा, तुम्ही कधी आलात? पासलीहून आज? थंडीत?

कोंडिबा : थंडी ऱ्हाऊ दे. पिशवीत काय हाय?

अंजना : सासूबाईंनी तुमच्यासाठी घोंगडी दिलीय. म्हणाल्या, “विद्वानाला थंडी वाजत असंल.”

कोंडिबा : टोमनं मारलं न्हवं त्यांनी? म्या म्हनलं नव्हतं?

अंजना : हसत मारलं. आणि मंगळवारी शेजारणीला सांगत होत्या, “आमच्या सुनेला आडनावं दोन हायत, एकानं भागत न्हाई.”

याकूब : अंजना, मी दुपारपासून या बाकावर बसलो आहे.

अंजना : सांगते, मास्तर. परवा सोमवारपासून विभाग माझ्याकडे. यंत्राचे रोज चार तास माझ्या विषयाला. आणि कॅनडाच्या त्या माणसानं नवा निबंध लिहिलाय. गुप्त आकड्याची रीत त्यानं तपासून पाहिली, दोन ठिकाणी मोडायचा प्रयत्न केला, आणि मोडली नाही असं छापलंय.

कोंडिबा : मंजी आता कोंडिबाचं बराबर हाय म्हनला?

अंजना : म्हणाला.

कोंडिबा : मला ठावं व्हतं. मानूस भला हाय.

याकूब : आकडा, अंजना. स्वतःचे वजा जाता.

कोंडिबा : आन त्यातले कोंडिबाचे किती आन साळव्यांचे किती, ते बी सांग.

अंजना : या वेळी वेगळे मोजले नाहीत, आबा. एकाच नावाखाली लिहिलेत.

याकूब : किती?

अंजना : तेरा.